कॅलगरी ते बीजिंग: ईव्ह मुइरहेडच्या संघाची फेरबांधणी

मे २०२१ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात महिलांची जागतिक कर्लिंग स्पर्धा संपली, तेव्हा स्कॉटलंडचा संघ १४ संघांत आठवा होता. पहिल्या सहा संघांना बीजिंग ऑलिंपिकचे थेट तिकीट मिळणार होते. ते हुकले. या संघाची स्किप, म्हणजे कर्णधार, ईव्ह मुइरहेड तेव्हा ३१ वर्षांची होती. माजी विश्वविजेती, दोनदा युरोपियन विजेती आणि ऑलिंपिक कांस्यपदक विजेती. पुढचे ऑलिंपिक ९ महिन्यांवर आले होते आणि तिच्या देशाला तिथे जागाच नव्हती. (जागतिक आणि युरोपियन स्पर्धांत स्कॉटलंडचा म्हणून उतरणारा हा संघ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा म्हणून खेळतो.) २० फेब्रुवारी २०२२ रोजी तिच्याच संघाने बीजिंगमध्ये सुवर्णपदक जिंकले. मधल्या काळात नेमके काय बदलले, हा या प्रकरणाचा विषय आहे. 'जिद्दीने पुनरागमन केले' एवढ्यावर हा हिशोब मिटवणे आम्हाला मान्य नाही. जिद्द कॅलगरीतही होतीच.

आधी खेळ थोडक्यात. कॅरम खेळलेल्या माणसाला कर्लिंगचे अर्धे डोके आपोआप कळते. कुठली सोंगटी आड ठेवायची, कुठली उडवायची, मारलेला स्ट्रायकर मारल्यावर कुठे जाऊन थांबेल, हे प्रश्न इथेही तसेच आहेत. फरक आकाराचा. इथला ग्रॅनाइटचा दगड १७ ते २० किलोंचा असतो आणि तो हॅकमधून, म्हणजे पाय रोवायच्या रबरी ठोकळ्यावरून, सरकत जाऊन सोडायचा असतो. हॅकपासून समोरच्या घराचा मध्य ३८ मीटरहून थोडा जास्त लांब. घर म्हणजे बर्फावर रंगवलेली वर्तुळे, बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ३.६६ मीटर. एका डावात प्रत्येक संघाचे ८ दगड, चौघी खेळाडूंना प्रत्येकी २. डाव संपला की मध्याच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड, त्यालाच गुण मिळतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडाच्या आत आपले जितके दगड तितके गुण. असे १० डाव. शेवटचा दगड ज्याच्या हाती, त्याच्याकडे 'हॅमर' आहे असे म्हणतात. गुण घेणाऱ्याला पुढच्या डावात हॅमर सोडावा लागतो. म्हणून हॅमर असताना एकच गुण मिळाला तर चांगले संघ तो तोट्याचा व्यवहार मानतात. दोन घ्यायचे, किंवा डाव कोरा ठेवून हॅमर राखायचा.

कॅलगरीपर्यंतची वाट

मुइरहेड स्कॉटलंडच्या पर्थशायर भागातली, ब्लेअर अ‍ॅथॉलची. वडील गॉर्डन मेंढपाळीची शेती करणारे आणि स्वतः ऑलिंपिकपर्यंत गेलेले कर्लर. भाऊ ग्लेन आणि थॉमस हेही कर्लर, दोघेही २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष संघात होते. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत रोना मार्टिनच्या ब्रिटिश संघाने शेवटच्या दगडावर सुवर्णपदक घेतले, तेव्हा ईव्ह ११ वर्षांची होती. पुढे तिने ४ कनिष्ठ जागतिक सुवर्णपदके मिळवली. १९ व्या वर्षी २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये ती स्किप होती. तिथे काही जमले नाही. २०१३ मध्ये रिगा इथे स्वीडनला ६-५ असे हरवून ती विश्वविजेती झाली. अंतिम सामन्याच्या वेळी ती २२ वर्षांची होती. २०१४ मध्ये सोचीत कांस्यपदक.

मग २०१८, प्योंगचांग. ब्राँझपदकाच्या लढतीत जपानविरुद्ध शेवटच्या डावात तिचा संघ ३-४ असा मागे, पण हॅमर तिच्याकडे. एक गुण घेतला तर बरोबरी आणि जादा डाव. पण त्या जादा डावात हॅमर जपानकडे गेला असता, आणि या पातळीवर हॅमर नसलेल्या संघाने जादा डाव जिंकण्याची शक्यता कमीच असते. दोन गुण घेतले तर सामना तिथेच संपत होता. तिने दोनसाठी दगड टाकला. टक्कर झाली, दगड विखुरले, आणि मध्याच्या जवळ उरला तो जपानचा. ३-५. त्या दगडाबद्दल 'दडपणाखाली चुकली' असे आजही लिहिले जाते. आम्हाला ते पटत नाही. निर्णय बरोबर होता, अंमल काही इंचांनी चुकला. या दोन गोष्टींची गल्लत केली की पुढचे सगळे चुकीचे वाचले जाते, कारण मग दुरुस्ती खेळाडूच्या मनात शोधली जाते आणि संघाच्या रचनेकडे कुणी बघत नाही.

त्याच वर्षी तिच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. कर्लिंगमध्ये खुब्यावर काय भार येतो हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताची खेळाडू उजवा पाय हॅकमध्ये रोवते, डाव्या पायाच्या गुळगुळीत तळव्यावर पूर्ण बसकण घेते, छाती गुडघ्याला टेकेपर्यंत खाली जाते आणि तशाच अवस्थेत सरकत हॉग रेषेच्या आत दगड सोडते. हॅकपासून हॉग रेषा, म्हणजे दगड जिच्या आत सोडावाच लागतो ती रेषा, १० मीटरवर. सराव आणि सामने धरले तर अशा बसकणी दिवसाला कितीतरी होतात, वर्षानुवर्षे. खुबा दुखू लागला की शरीर नकळत अर्धा इंच उंच राहते. तेवढ्याने दगडाची रेषा आणि वेग दोन्ही डळमळतात, आणि खेळाडूला ते कळतही नाही.

संघही मोडत गेला. जुनी व्हाइस-स्किप, म्हणजे उपकर्णधार, अ‍ॅना स्लोन खेळापासून दूर गेली. नवी फळी उभी राहिली: विकी राइट, जेनिफर डॉड्स, लॉरेन ग्रे. राइट पेशाने नर्स, कोविडच्या काळात ती रुग्णालयात कामावर परतली होती. २०२० ची जागतिक स्पर्धा रद्द झाली, सराव तुटक झाला, आणि हाच संघ कॅलगरीच्या बंदिस्त वातावरणात उतरला. निकाल वर दिलाच आहे.

नऊ जणी आणि चार जागा

इथून खरे प्रकरण सुरू होते. ब्रिटिश कर्लिंग या संस्थेपुढे सरळ मार्ग होता तो असा: संघ तोच ठेवायचा, डिसेंबरातल्या पात्रता स्पर्धेत पाठवायचा आणि यंदा नशीब साथ देईल अशी आशा धरायची. कर्लिंगच्या जगात तीच रीत आहे. स्किप आपली माणसे गोळा करते, संघ तिच्या नावाने ओळखला जातो, आणि चार वर्षे तो तसाच राहतो. यात एक मोठा फायदा असतो. झाडणारीला, म्हणजे सरकत्या दगडापुढे ब्रशने बर्फ घासणारीला, स्किपच्या हाकेतला सूर ओळखता येतो, शब्द कळायच्या आधी हात चालतात.

ब्रिटिश कर्लिंगने ही रीत मोडली. उन्हाळ्यात ९ महिला खेळाडूंचा एक गट केला आणि वेगवेगळ्या जोडण्यांनी त्यांना खेळवले. सगळ्यांचा सराव स्टर्लिंगच्या राष्ट्रीय कर्लिंग अकादमीत एकत्र होत असल्यामुळे हे शक्य झाले. खेळाडू देशभर विखुरलेल्या असत्या तर असा प्रयोग कागदावरच राहिला असता. नऊ जणींच्या यादीत मुइरहेडचे नावही इतरांसारखेच एक होते.

शेवटी निवडलेल्या पाच जणी अशा: स्किप ईव्ह मुइरहेड, व्हाइस-स्किप विकी राइट, सेकंड (दुसऱ्या क्रमाने दगड टाकणारी) जेनिफर डॉड्स, लीड (पहिल्या क्रमाने टाकणारी) हेली डफ, आणि पाचवी मिली स्मिथ. आता ही यादी कॅलगरीच्या यादीशेजारी ठेवून पाहा. एवढी उलथापालथ करून बर्फावरच्या चारपैकी फक्त एक जागा बदलली: लीडची. लॉरेन ग्रेच्या जागी हेली डफ आली. ग्रे सोची आणि प्योंगचांग अशी दोन ऑलिंपिक पाहिलेली, डफला ऑलिंपिकचा अनुभव शून्य. बाहेरून पाहणाऱ्याला हा बदल किरकोळ वाटतो. आमच्या मते तो तसा नव्हता, आणि त्याचे कारण लीडच्या कामात आहे.

लीड डावाचे पहिले दोन दगड टाकते. आपल्याकडे हॅमर असेल तर ते बाजूला आडोसे म्हणून ठेवायचे, म्हणजे मध्य मोकळा राहतो आणि मागे दोन-तीन दगड दडवता येतात. हॅमर नसेल तर मध्यरेषेवर आडोसा ठेवून प्रतिस्पर्ध्याची वाट बंद करायची. २०१८ नंतरच्या नियमाप्रमाणे डावातले पहिले पाच दगड पडेपर्यंत घराबाहेरचा प्रतिस्पर्ध्याचा आडोसा खेळाबाहेर उडवता येत नाही. पूर्वी ही मर्यादा चार दगडांची होती. त्या एका दगडाने लीडचे मोल वाढवले, कारण तिने ठेवलेला आडोसा आता जास्त वेळ टिकतो. पण तो अर्धा मीटर खोल गेला आणि घराला टेकला तर ते संरक्षण संपते आणि डावाचा नकाशा पहिल्याच मिनिटात बदलतो. मग स्किपला शेवटच्या दगडावर अशक्य कोटीतला फटका मारावा लागतो, आणि प्रेक्षक म्हणतात स्किप चुकली.

लीडचे दुसरे काम याहून दमवणारे. स्वतःचे दोन दगड सोडले तर संघाच्या उरलेल्या सहाही दगडांपुढे ती ब्रश घासते. बर्फ सपाट नसतो. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून गोठवलेले बारीक उंचवटे असतात आणि दगड त्यांच्या टोकांवरून सरकतो. ब्रशने घासल्यावर पृष्ठभाग क्षणभर गरम होतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. घासावे की नाही हे ठरवायला लीड आणि सेकंड हातातल्या घड्याळावर दगडाचा वेळ घेतात: टाकणारी मागच्या रेषेवरून निघून जवळच्या हॉग रेषेपर्यंत पोचायला किती सेकंद लागले. चांगल्या बर्फावर घरात थांबणारा दगड एका हॉग रेषेपासून दुसरीपर्यंत साधारण १४ सेकंद किंवा थोडे जास्त घेतो. घड्याळाच्या आकड्यात एक दशांश सेकंदाची चूक झाली तर मध्यावर थांबायचा दगड वर्तुळाच्या कडेला जातो. दहा डावांत सहा-सहा दगड घासून झाल्यावरही आकडा अचूक सांगणारी लीड म्हणजे संघाचा कणा.

दुसरा बदल पाचव्या खेळाडूचा, आणि त्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. पाचवी खेळाडू सहसा सामना खेळत नाही. तिचे काम रात्री असते. दिवसाचे सामने संपल्यावर संघांना पुढच्या सामन्याच्या बर्फाच्या पट्टीवर सरावाचा वेळ मिळतो, तेव्हा ती आणि प्रशिक्षक ते दगड तपासतात. सोळाही दगड एकाच जातीच्या ग्रॅनाइटचे असले तरी एखादा अंमळ जास्त वळतो, एखादा जड जातो. तेव्हा सारख्या चालीच्या जोड्या लावायच्या, कुठली जोडी कुणाला द्यायची ते ठरवायचे, आणि सर्वांत विश्वासू जोडी स्किपसाठी राखायची. कारण तिच्या दोन दगडांत फरक निघाला तर पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज येत नाही. मिली स्मिथची जागा ही अशी होती. या पदाला 'राखीव' म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

नोव्हेंबरात लिलेहॅमरच्या युरोपियन स्पर्धेत या संघाने अंतिम सामन्यात स्वीडनला ७-४ असे हरवले. मुइरहेडचे हे तिसरे युरोपियन विजेतेपद, २०११ आणि २०१७ नंतरचे. डिसेंबरात नेदरलँड्समधल्या लेवार्डनला पात्रता स्पर्धा झाली, महिलांसाठी ३ जागा होत्या. त्यातली एक ब्रिटनने घेतली, उरलेल्या दोन जपान आणि दक्षिण कोरियाने. जपान कॅलगरीत ब्रिटनच्याही खाली होता.

सेंटीमीटरांवर अडकलेला आठवडा

बीजिंगची कर्लिंगची जागा म्हणजे २००८ चा तरणतलाव, 'वॉटर क्यूब'. त्यातच पट्ट्या घालून त्याचा 'आइस क्यूब' केला होता. १० संघ, प्रत्येकाचे ९ साखळी सामने, पहिले चार उपांत्य फेरीत. ब्रिटनची साखळी अजिबात सुवर्णपदकाला साजेशी नव्हती: ५ विजय, ४ पराभव. शेवटच्या सामन्यात रशियन संघाला ९-४ असे हरवल्यावरही त्यांना दुसऱ्या पट्ट्यांवरच्या निकालांकडे डोळे लावून बसावे लागले. ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघेही ५-४ वर आले आणि जागा दोनच उरल्या. आपसातले निकाल पाहावेत तर ब्रिटनने जपानला हरवलेले, जपानने कॅनडाला, आणि कॅनडाने ब्रिटनला. गोल फिरून तिथेच. पूर्वी अशा वेळी जादा सामना व्हायचा, पण या ऑलिंपिकमध्ये ती सोय नव्हती.

तेव्हा निकाल लागला तो सामन्याआधी टाकलेल्या दगडांवर. प्रत्येक सामन्यापूर्वी, सराव संपताना, संघाच्या दोन खेळाडू मध्याच्या दिशेने एकेक दगड टाकतात, एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत आणि एक उलट. मध्यापासूनचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजतात. ज्यांची बेरीज कमी, त्यांना पहिल्या डावात हॅमर. साखळीभर हे दगड जमा होत राहतात आणि सर्वांत वाईट मोजमाप नियमाप्रमाणे वगळून सरासरी काढली जाते. चौघींनाही दोन्ही फिरकींचे दगड टाकणे बंधनकारक असते, त्यामुळे एकटी स्किप हा आकडा सावरू शकत नाही. ब्रिटनची सरासरी सुमारे ३५ सेंटीमीटर निघाली, जपानची सुमारे ३६, कॅनडाची सुमारे ४५. जेनिफर जोन्ससारखी दिग्गज स्किप असलेला कॅनडाचा संघ घरी गेला.

आमच्या लेखी या प्रकरणाची कळीची जागा हीच. लीडची जागा नव्याने लढवून भरल्याचा परिणाम मोजता येईल अशी ही एक जागा आहे. प्रेक्षक अजून खुर्च्या शोधत असताना पडलेल्या या दगडांवर ऑलिंपिकचे भवितव्य ठरले. बरेच संघ हे दगड हॅमरपुरते महत्त्वाचे मानतात आणि सामना हातचा वाटला की मोजपट्टीकडे पाहतही नाहीत. सातव्या सामन्याआधी टाकलेला आळशी दगड साखळीच्या शेवटी खिंडीत गाठतो.

उपांत्य सामना पुन्हा स्वीडनशी. अ‍ॅना हासेलबोर्गचा संघ, २०१८ चा सुवर्णपदक विजेता, आणि त्याच वर्षी उपांत्य फेरीत मुइरहेडला हरवणारा. पहिल्याच डावात स्वीडनने ४ गुण घेतले. ०-४ अशी सुरुवात झाली की दोन रस्ते असतात. एक म्हणजे सावरत, दगड उडवत, एकेक गुण घेत राहायचे. त्याने हार सन्मानाची होते, एवढेच. दुसरा म्हणजे घरात दगडांची गर्दी करायची, आडोसे ठेवायचे, समोरच्यालाही चुकायची संधी द्यायची आणि स्वतः आणखी चार खाण्याची तयारी ठेवायची. ब्रिटनने दुसरा धरला. दुसऱ्या डावात लगेच तीन परत आले. नवव्या डावात ब्रिटनने ४ घेऊन ११-८ अशी आघाडी घेतली, दहाव्यात स्वीडनने ३ घेऊन बरोबरी केली. गुण स्वीडनने घेतल्यामुळे जादा डावात हॅमर ब्रिटनकडे आला, आणि १२-११.

प्योंगचांगशी ताडून पाहण्याजोगे काही असेल तर ते हे: मुइरहेडची निर्णयाची पद्धत बदलली नव्हती. तेव्हाही ती विजयासाठी खेळली, आताही. फरक एवढाच की तिच्या हातात शेवटचा दगड यायच्या आधीचे सहा दगड आता जास्त वेळा जागेवर पडत होते.

अंतिम सामन्यात समोर जपान, सात्सुकी फुजिसावाचा तोच संघ, ज्याने चार वर्षांपूर्वी तिचे पदक घेतले होते. पहिल्या डावात ब्रिटनला दोन, सातव्यात चार. नऊ डावांनंतर १०-३ वर जपानने हार मान्य करून हात मिळवले. बीजिंगमध्ये ब्रिटनला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक, आणि रोना मार्टिननंतर बरोबर २० वर्षांनी आलेले.

नक्कल करणाऱ्यांसाठी

ही पद्धत उचलण्याआधी तीन अडचणी ध्यानात घ्याव्यात. पहिली, नऊ जणींना पूर्णवेळ सांभाळायला सार्वजनिक निधी लागतो. ब्रिटनमध्ये तो यूके स्पोर्टकडून येतो. स्वखर्चाने खेळणाऱ्या संघांना हे झेपणार नाही. दुसरी, जोडण्या बदलत राहिल्या तर झाडणाऱ्यांची आणि स्किपची भाषा जुळत नाही. म्हणून प्रयोगाला मुदत हवी. इथे युरोपियन स्पर्धेच्या आधी दार बंद झाले आणि पाच नावे पक्की झाली. ते ऑलिंपिकपर्यंत उघडे ठेवले असते तर चौघींना एकमेकींचा सूर सापडला नसता. तिसरी अडचण माणसांची. जिची जागा जाते तिने त्याच अकादमीत, त्याच बर्फावर, जिंकणाऱ्या मैत्रिणींशेजारी सराव करायचा असतो. हा भार कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, पण योजना आखणाऱ्याने तो आधीच मोजायला हवा.

बीजिंगनंतर दोन महिन्यांनी मुइरहेडने बॉबी लॅमीबरोबर मिश्र दुहेरीचे जागतिक सुवर्णपदक जिंकले. एकाच मोसमात युरोपियन, ऑलिंपिक आणि जागतिक मिश्र दुहेरी. ऑगस्ट २०२२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली. पुढे मिलान-कोर्तिना २०२६ साठी ब्रिटिश पथकाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली.